मुहैस्नाहचे सरपंच विलायतेत

समस्त मराठी जनांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, दुबईतील मुहैस्नाह येथील ग्रामपंचायत बरखास्त झाली असून तिचे बिनविरोध आणि तहहयात सरपंच कायमचे गावी परतले आहेत. ही ग्रामपंचायत कुठल्याही सरकारच्या दप्तरी नव्हती, हा तपशील गौण आहे. तिला हद्द होती, आळ्या होत्या, भांडणं होती आणि सरपंच होते. गावाला याहून जास्त काय लागतं?

आमचे सरपंच म्हणजे बांधकाम कामगारांच्या एका कॅम्पचे कॅम्प बॉस. कुणाला कुठली खोली, कुठला नळ गळतोय, कुणाचं कुणाशी वाजलंय, हे सगळं त्यांच्या अखत्यारीत. माझं दुबईच्या देरा भागात गाद्यांचं छोटं ट्रेडिंग ऑफिस आहे. पहिल्यांदा माल घेऊन कॅम्पवर गेलो, तेव्हा ते एका खोलीच्या दारात उभे राहून चपलांच्या जोडीवरून पेटलेला तंटा मिटवत होते. दोन्ही पक्षांचं शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "चप्पल किसकी, ये मैं नहीं बोलेगा. लेकिन पाय किसका बडा है, सब को दिखता है. खलास!" सभा तहकूब झाली. मी त्याच क्षणी त्यांना 'सरपंच' म्हटलं, त्यांनी लगेच मला 'गादीशेठ' म्हटलं, आणि दोन्ही नावं कायमची चिकटली.

कॅम्पच्या बराकींना कंपनीनं अक्षरं दिली होती. सरपंचांना अक्षरं मान्य नव्हती. "माणूस काय 'सी' मध्ये राहतो?" असं म्हणून त्यांनी वरची आळी, खालची आळी आणि देवळाकडची आळी केली. देऊळ नव्हतंच, पण तिथे पाण्याचा कूलर होता आणि तिथे सगळे जमत. पुढे पुढे बिहारचा सुतार आणि नेपाळचा वेल्डरसुद्धा "मैं खालची आळी में रहता हूँ" असं छाती काढून सांगायला लागले. मी हे माझ्या कानांनी ऐकलं आहे आणि ते ऐकताना माझीही छाती उगाचच फुगली आहे.

माणूस भेटला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "गाव कुठलं?" माझ्या लेकीला, इरालाही त्यांनी तो विचारला. ती म्हणाली, "आय ॲम फ्रॉम अल मनखूल, अंकल."

"तो एरिया झाला, बाळा. गाव कुठलं? कुठल्या विहिरीचं पाणी प्यालीस?"

"बॉटल्ड," इरा म्हणाली. सरपंचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोरीला उपाशी ठेवलं होतं.

त्यांचं स्वतःचं गाव रत्नागिरीकडचं. बायको गावीच, सासू-सासऱ्यांचं बघायला राहिलेली. गावाचा विषय निघाला की हे तासभर बोलत. एकदा कूलरपाशी चहा घेताना म्हणाले, "देवळाचा कळस आला की गावाचा फोन येतो. शाळेचं छप्पर उडालं की फोन येतो. पण ग्रामसभेत काय ठरवायचं, ते विचारायला कधी नाही. वर्गणीत मी आहे, गादीशेठ. गावात मला धरत नाहीत." एवढं बोलून त्यांनी चहाचा कागदी कप चुरगाळला आणि जोरात हाक मारली, "कोण रे नळ उघडा टाकून गेला!"

त्यांची लेक इंग्लंडमध्ये नर्स आहे. सरपंच कायमचे परतण्याआधीच्या उन्हाळ्यात तिनं वडिलांना बोलावून घेतलं, आणि आम्हीही नेमके तेव्हाच सहकुटुंब तिकडे निघालो होतो. तिला ड्यूटी होती. "काका, बाबांना चार दिवस तुमच्या गाडीत घ्या, त्यांना गावं बघायची आहेत," म्हणाली. घेतलं. पण सरपंच नुसतं बघायला आलेच नव्हते. निघण्याआधी त्यांच्या चुलतभावानं, म्हणजे गावच्या खऱ्याखुऱ्या सरपंचानं, फोनवर सहज म्हटलं होतं, "दादा, तिकडच्या एखाद्या गावाला आपल्या गावातर्फे मान देऊन ये. फोटो पाठव, ग्रामसभेत दाखवतो."

तो बिचारा बोलून विसरलाही असेल. आमचे सरपंच दुबईतल्या मीना बाजारात गेले आणि जरीकाठाची शाल अन् नारळ घेऊन आले. "पहिल्यांदा गावानं मला वर्गणी नाही, काम सांगितलंय," ते मला म्हणाले. त्यानंतर त्या पिशवीची चेष्टा करायची माझी हिंमत झाली नाही. झाली, पण फार नाही.

इंग्लंडमधली जुनी गावं फार देखणी. मधाच्या रंगाची दगडी घरं, दारांवर गुलाब, मधून वाहणारा ओढा, मागे हिरव्या टेकड्या आणि त्यांच्यावर मेंढरं. पर्यटक फोटो काढत होते, आमचे सरपंच तपासणी करत होते. "शेणाचा वास नाही. गाव आहे की सेट लावलाय?" पुढे एका वळणावर खरोखरच शेणाचा वास आला, तेव्हा त्यांनी काच खाली करून मनापासून श्वास घेतला. गवतानं शाकारलेली घरं बघून म्हणाले, "एवढे पैसेवाले आणि अजून गवत? आमच्याकडे पत्रे आले!" सिमेंटशिवाय रचलेले दगडी गडगे दिसले, तेव्हा मात्र गाडी थांबवायला लावून त्यांनी गडग्यावर हात ठेवला, घरच्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

चर्चच्या आवारातल्या थडग्यांवर सगळीकडे तीच ती आडनावं आहेत, असं इरानं वाचून सांगितलं. "म्हणजे भावकी!" सरपंच खूश झाले. एका शेतातून सगळ्या जगाला चालायला मोकळी पायवाट होती, तशी लाकडी पाटीच होती. त्यावर त्यांचा विश्वास बसेना. "वाटेवरून भांडण नाही? मग ही माणसं संध्याकाळी करतात काय?"

पण मान द्यायला तिथला कुणी सरपंच काही सापडेना. पहिल्या गावात सगळे आमच्यासारखेच बाहेरचे. दुसऱ्या गावात एका दुकानदारानं आम्हाला शाल विकायला आलेले समजून नको म्हटलं. तिसऱ्या गावात एक आजोबा भेटले, पण ते सुट्टीला आलेले निघाले. शेवटचा दिवस उजाडला. त्याच संध्याकाळी तिकडे गावी ग्रामसभा होती. सरपंच गाडीत मागे नारळ मांडीवर घेऊन बसले होते. माझी बायको माधवी हळूच म्हणाली, "अहो, कुणाच्याही गळ्यात घाला ना ती शाल. फोटोत काय कळतंय?"

सरपंचांनी ऐकलं. "वहिनी, फोटोत नाही कळणार. मला कळेल ना."

शेवटच्या गावात इराला एक काचेचा फलक दिसला. गावच्या कौन्सिलच्या सूचना त्यावर लावलेल्या होत्या आणि खाली अध्यक्षांचं नाव होतं. कुत्रा फिरवणाऱ्या एका माणसाला विचारलं, त्यानं रस्त्याच्या कडेला बोट दाखवलं. तिथे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई उकिडव्या बसून, गटारात काठी घालून पाला काढत होत्या.

आम्हाला बघताच त्या इंग्रजीत म्हणाल्या, "गटाराबद्दल असेल तर मला माहीत आहे. बसबद्दल असेल तर मी वर कळवलंय. कुत्र्यांबद्दल असेल तर माझा नाइलाज आहे."

इरानं भाषांतर केलं. सरपंचांचे डोळे पाणावले. "हाच!" ते म्हणाले. "हाच सरपंच!"

मग सूत्रं हलली. डब्यातली स्टीलची ताटली हे तबक झालं. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे आलं, आणि ते मी सोडणार नव्हतो. "आजच्या या मंगल प्रसंगी," मी रस्त्यावर उभा राहून सुरू केलं, "रत्नागिरी जिल्ह्यातील समस्त ग्रामस्थांच्या वतीनं, गटारातही ज्यांनी हात घातला..." इरा बाईंना म्हणाली, "ही सेज यू आर ग्रेट." बाई काठी टेकून उभ्या राहिल्या. कुत्रेवाला थांबला. दोन बायका खरेदीच्या पिशव्या घेऊन थांबल्या. सभेला कोरम झाला.

आणि शालीची घडी उलगडता उलगडता सरपंच थबकले.

"नाही," ते म्हणाले. "बाईंचा सत्कार आहे. बाईच्या हातूनच झाला पाहिजे. वहिनी, या पुढे."

"अहो सरपंच, तुम्हाला सांगितलंय ना गावानं?" माधवी म्हणाली. "चार दिवस उराशी धरून बसलात!"

"म्हणून काय रीत मोडू? गावातर्फे आहे. यल्ला वहिनी, या."

त्यांनी ताटली हातात धरली आणि एक पाऊल बाजूला झाले. माधवीनं शाल पांघरली, ओंजळीत नारळ दिला. बाईंनी नारळ कानाशी नेऊन हलवला, मग त्या हसल्या आणि हसता हसता त्यांनी चिखलाच्या हातानंच डोळे पुसले. म्हणाल्या, "इतकी वर्षं हे काम करते आहे. आजवर कुणी काही आणून दिलं असेल, तर ती तक्रार." टाळ्या वाजल्या, कुत्रा भुंकला. इरानं फोटो काढला आणि सरपंचांनी तो तिथल्या तिथे गावाला धाडून दिला. नीट बघितलाही नाही.

मी बघितला. मधोमध शालीतल्या बाई, शेजारी माधवी, मागे चर्चचा मनोरा. आणि डाव्या कडेला ताटली, ताटलीखाली एक हात आणि एक कोपर. सरपंच तेवढेच आले होते.

बाईंनी आम्हाला चहाला घरी नेलं. कप तोंडाला लागतोय तोच व्हिडिओ कॉल आला. तिकडे ग्रामसभा भरली होती, फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला होता, आणि माणसांचा नुसता गलका चालला होता.

चुलतभाऊ ओरडला, "दादा, मानली तुला! पण तू कुठायस यात?"

"अरे, मी होतो तिथे," सरपंच म्हणाले.

"दिसत नाहीस कुठे!" मागून कुणीतरी म्हणालं, "गेलेलाच नसेल, बाजारातनं फोटो आणला असेल!" सभा हसली. सरपंचांनी कप खाली ठेवला. मी फोन हिसकावून साक्ष द्यायच्या बेतात होतो.

तेवढ्यात तिकडे बायकांच्या बाजूला कुणीतरी उठलं. डोक्यावरून पदर घेतलेल्या आमच्या सरपंचांच्या पत्नी होत्या. ग्रामसभेत आजवर त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं, असं सरपंच मला नंतर सांगत होते. त्या तरातरा भिंतीपाशी गेल्या, फोटोच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"हसता काय? हे कोपर आमच्या ह्यांचं आहे!"