हे तुमचं, ते माझं

मुरबाडच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो तेव्हा सिद्धगडाकडचा एक भगत बाजाराच्या दिवशी हमखास यायचा. बरोबर कुणीतरी आजारी असायचंच. ताप, हगवण, पायाची जखम असली की माणूस माझ्यापुढे बसवून म्हणायचा, "हे तुमचं." एकटं बडबडणारं, रानात पळणारं माणूस मात्र तो पाड्यावरच ठेवायचा, सुपात तांदळाचे दाणे टाकून कौल बघायचा. "ते माझं." मला त्याचा राग यायचा, पण वाटणी तो इमानानं करायचा.

एकदा बायकोला घेऊन आला. मूल गेल्यापासून ती बोलत नव्हती, जेवत नव्हती.

"दाणे टाकले नाहीत?" मी विचारलं.

"टाकलं. पन मला पायजे तसंच पडतात." मग डॉक्टरांकडे वळला. "हे कुनाचं, सायेब?"

"तुझं नाही, माझंही नाही. ठाण्याला मनाच्या आजाराचे डॉक्टर आहेत. ते रोग्याचं ऐकून घेतात, औषध देतात."

"ती बोलत नाय. ते ऐकतील काय?"

"बोलेपर्यंत थांबतील."

भगतानं कमरेची तांदळाची पुरचुंडी सोडून माझ्या हातात दिली. "जवळ असली तर मी टाकीन. तुमी ठेवा."

भातकापणी उरकली. एका बाजाराला तो दाराबाहेरच उभा राहिला. आत त्याची बायको आली.

"भाऊ," ती म्हणाली, "आमच्या ह्यांची पुरचुंडी तुमच्याकडं हाय ना?"