आल्मा क्लेगची पेन्सिल

माझा स्वभाव संशयी आहे, आधीच सांगून टाकते. लँकेशायरच्या गिरणीत तीस वर्षं विणलेल्या कापडातल्या चुका शोधल्या; ती खोड हाडीमाशी खिळली.

आमच्या चॅपलमध्ये दरवर्षी शब्दांची परीक्षा होते. सगळे शब्द असे की उच्चार एकच, पण अर्थ आणि स्पेलिंग निराळं. नुसतं ‘मीट’ म्हटलं तर मांस की भेट, कुणाला कळणार? म्हणून हार्ग्रीव्ह मास्तर आधी शब्द म्हणतात, मग वाक्य, आणि मगच पेन्सिली चालतात.

त्या वर्षी आल्माची पेन्सिल वाक्याआधीच चालत होती. तीही शेवटच्या बाकावरून! आल्मा म्हणजे चॅपल झाडणारी विधवा. मागांच्या खडखडाटात तिचे कान गेले. ती ओठ वाचते. पण ‘मीट’ला दोन्ही अर्थांनी ओठ सारखेच हलतात ना? शिवाय परीक्षेच्या शब्दांची आणि वाक्यांची यादी ज्या कपाटात, त्याची किल्ली तिच्याकडे. वीसपैकी वीस बरोबर. मला आणखी काय हवं होतं?

चहाच्या वेळी मी पाद्रीबाबांना कोपऱ्यात गाठलं आणि हळूच म्हटलं, “किल्ली काढून घ्या. चोर आहे ती.”

“अगं, तिचं काम जाईल.”

“जाऊ दे,” म्हणत मी चहात बिस्किट बुडवलं.

त्यांनी आल्माला बोलावलं. “यादी पाहिली होतीस?”

“नाही.”

“मग वाक्याआधी लिहिलंस कसं?” मी मध्येच तोंड घातलं.

“मास्तरांना विचार. प्रत्येक वाक्य आधी मनातल्या मनात म्हणतात, ओठ हलवत. मग मोठ्यानं. मी कशाला ताटकळू?”

“मी? काहीतरीच!” मास्तर लालबुंद झाले.

पाद्रीबाबांनी तिथल्या तिथे दहा नवे शब्द, नवी वाक्यं लिहून दिली. मास्तरांनी चष्मा सावरला आणि त्यांचे ओठ हलू लागले. आल्माची पेन्सिलही. दहापैकी दहा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात पुढे करून म्हटलं, “चुकलंच माझं, आल्मा.”

तिने हात घेतला नाही. “कोपऱ्यातून तुझे ओठ स्पष्ट दिसत होते,” ती म्हणाली. “‘चोर’ म्हणालीस, ते मी मनावर घेत नाही. पण माझं काम जाईल म्हटल्यावर ‘जाऊ दे’ म्हणालीस, आणि बिस्किट बुडवलंस.”