आई जेवायला बसली तो दिवस

आईला खायला काय आवडायचं, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आईच्या दहाव्याला खाडीकाठी काकांनी विचारलं, "वहिनीच्या आवडीचं काय ठेवायचं पिंडापाशी?"

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्या बायकोकडे, माझ्या वहिनीकडे.

मग बाबा म्हणाले, "फालुदा."

काकांना वाटलं, दुःखाने माणूस काहीतरी बोलतोय.

पण बाबांना खरंच माहीत होतं. एका दिवसामुळे.

त्याआधी आमच्यासाठी मुंबई म्हणजे फक्त हॉस्पिटल. रेवसहून लाँच, भाऊच्या धक्क्यावरून टॅक्सी, केमो, आणि उलट्या सांभाळत परत.

गणपतीच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं, आता आणायची गरज नाही. त्याचा अर्थ आईला आमच्याआधी कळला.

"आता हॉस्पिटलात न्यायचं न्हाय ना? मंग एकदा नुसती मुंबई दाखवा मला."

आमचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, काही काम नसताना. रात्री मुक्काम लालबागला मावशीकडे.

नंतर आईने मला सगळं सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं.

एका मोठ्या मंडळाच्या मूर्तीसमोर हात जोडून ती मोठ्याने म्हणाली, "काल तुला रडत पोचवला, नि तू हितं येऊन बसलायस व्हय?"

मागची लोकं हसली. बाबाही हसले.

मग एका स्टॉलवर पावभाजी. एक प्लेट, दोघांत.

बाबांनी सुरुवात केली. आई हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"खा की."

"तुमचं होऊ दे आधी."

आमच्याकडे हे असंच. पुरुष जेवणार, मुलं जेवणार, मग चुलीपाशी बाई जेवणार. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून मी किती वेळा भांडले, आई, सगळ्यांबरोबर बस. ती म्हणायची, "तुझं कॉलेज उंबऱ्याभायेर ठेव."

त्या स्टॉलवर चूल नव्हती. सासू नव्हती. समोर एक प्लेट आणि खायचं सोडून बसलेली आजारी बायको.

बाबांनी हातातला पाव खाली ठेवला. "तू खाल्ल्याबिगर मी न्हाय खात."

केमोने तिच्या तोंडाची चव गेली होती. दोन घास कसेबसे गेले.

म्हणून बाबांनी फालुदा मागवला. गार, गुलाबी, वर आइस्क्रीम. आईने एक चमचा घेतला, थांबली, आणि मग अख्खा ग्लास संपवला.

"अजून एक ग्लास सांगू?"

"सांगा."

बाबा समोर बसून नुसते बघत होते.

"असं काय बघताय?"

"तू खाताना डोळे मिटतेस."

हे सांगताना आई नव्या नवरीसारखी लाजली होती.

रात्री मरीन ड्राइव्हला बसली दोघं. दिवे, गर्दी, हातात हात घालून फिरणारी पोरं-पोरी.

आई म्हणाली, "ही पोरं घरी कधी जातात हो?"

बाबा म्हणाले, "आपण तरी कुठं गेलोय?"

दिवाळीनंतर आई गेली.

आज वर्ष झालं.

दुपारी सगळ्यांची पानं वाढली. वहिनी वाढायला उभी. बाबा जेवायला सुरुवातच करेनात.

"सूनबाई, तुझं पान घे."

"तुमचं होऊ दे ना, बाबा."

"न्हाय. बस. आमी थांबतो."

भात निवला. दादा चुळबुळला. काकूने माझ्याकडे बघितलं. शेवटी वहिनी पदर सावरत बसली.

बाबांनी वरण कालवता कालवता, वर न बघता विचारलं, "तुला काय आवडतं गो खायला?"

वहिनीला सांगताच येईना. कुणी कधी विचारलंच नव्हतं.

आम्ही सगळे थांबलो. तिला आठवेपर्यंत.

आई, जिथे असशील तिथे कुणाची वाट बघू नकोस.

आधी जेवून घे.