भोंगा वाजवणारे

ओल्या वाळूचा वास आला की अजूनही मी आधी नदीकडे कान देते. त्या दुष्काळात आम्ही बायका धरणाखालच्या कोरड्या नदीत झिरे उकरून वाटीवाटीने पाणी भरत असू. धरणातून पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवणारे गृहस्थ बाजारात भेटले, तरी वाट अडवून, एकेक शब्द लांबवत विचारीत, "बाई, काल नुसता वाजवून बघितलता भोंगा, तुमच्या घरापस्तोर आयकू आलता का न्हाई?" बोलताना नजर नदीकडेच असे.

"धरणात चिमणीची चोच बुडंना, अन् तुमी कशापायी भोंगा वाजवता?" शेजारची काकू त्यांना डिवचायची.

"थोडं पानीबी मानूस नेतं, काकू," ते म्हणत. हसत नसत.

एका दुपारी खालच्या साखर कारखान्यासाठी तळाचे उरलेसुरले पाणी सोडायला धरणाचे दार उघडले, आणि एरवी ज्या धरणावर वीज तयार व्हायची तिथेच वीज नव्हती. विजेवर चालणारा भोंगा वाजलाच नाही. मी खोल झिऱ्यात वाकून वाटी बुडवत होते. अंगावर सावली पडली. भोंगा वाजवणारे ते गृहस्थच धावत आले होते, अनवाणी, ओठ पांढरेफटक. मागे वळणावरच्या बाभळींतून पाण्याची घरघर वाढत होती. त्यांनी माझी वाटी हिसकावून फेकली, दंड धरला आणि म्हणाले, "चढा."