कोठीची किल्ली

“ती बघ! ती बघ कोठीवाली! गाठ तिला!”

पुण्याजवळच्या एका अवाढव्य मिठाई कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, हातात आमटीची वाटी धरून, आमच्या डोंगरे बाई ओरडल्या. बाईंचा आवाज म्हणजे काय चीज आहे, ते कळंबच्या कॉलेजात वाणिज्य शिकलेल्या कुणालाही विचारा. बाई तासाला उभ्या राहिल्या की तिकडं लांब बेंबळी गावात म्हशी पान्हा सोडत आणि स्टँडवर लागलेली एसटी वेळेआधी सुटे. कॅन्टीनमधल्या सगळ्या माणसांचे घास हवेतच थांबले. बाईंचं बोट ज्यांच्याकडं होतं त्या किरकोळ अंगाच्या, डोक्याला जाळी बांधलेल्या मॅडम, कोठीवाली कोण म्हणून घाबरून स्वतःच मागं वळून बघायला लागल्या.

बाईंनी आम्हाला मोठमोठ्या कंपन्यांचा कारभार शिकवला तो पुस्तक मिटून. “कंपनी कितीबी मोठी असू दे, ती लग्नातली पंगत असती,” हे त्यांचं पालुपद. आमच्याकडच्या लग्नात बुंदी ज्या खोलीत ठेवतात ती कोठी. तिच्या दाराशी घरातला असा एक माणूस बसवतात, जो स्वतः जेवत नाही, हसत नाही आणि नवरदेवाच्या बापालाही घमेल्याला हात लावू देत नाही. वाढपी ढीगभर असतात, ‘वाढू का, वाढू का’ करत मिरवतात. पण कोठीवाल्यानं मान हलवल्याशिवाय बुंदीचा दाणा बाहेर येत नाही. म्हणून कुठल्याही कंपनीचं नाव काढलं की बाईंचा पहिला सवाल, “कोठीची किल्ली कुणाकडं हाय?” दुसरा सवाल धोरणाचा. “धोरण अहवालात छापत न्हाईत रे. बुंदी संपत आली की आधी कुणाच्या पानात पडायची बंद होती, तेवढं बघ. ते धोरण!”

आता आम्हाला ह्या किल्लीची गरज का पडली, ते सांगतो. कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात घरोघरी खव्याच्या भट्ट्या. भट्टीवाल्यांनी मिळून आम्हीही एक छोटी कंपनी काढली आणि सगळ्यात मोठ्यानं बोलतो म्हणून मला अध्यक्ष केलं. पुण्याच्या त्या कंपनीला रोजचा खवा घालायचा, हा आमचा बेत. तिकडचे साहेब एकामागून एक येऊन गेले. आम्ही प्रत्येकाला फेटा, शाल, श्रीफळ. इतके फेटे बांधले की त्या साली तालुक्यातले नवरदेव टोप्या घालून बोहल्यावर चढले. प्रत्येक साहेब खवा चाखून, नमुन्याचे डबे घेऊन जाताना म्हणाला, “माझ्याकडून ओके आहे.” आणि वर्ष सरत आलं तरी खवा न्यायला कंपनीची गाडी आली नाही. एकेक भट्टी पुन्हा जुन्या व्यापाऱ्याकडं वळायला लागली. पुढच्या सभेत कंपनी मोडायचीच, असं पारावर ठरून गेलं. तेव्हा मी उठलो आणि निवृत्त झालेल्या बाईंच्या ओट्यावर जाऊन बसलो.

“ओके कोण कोण म्हणलं?” बाईंनी विचारलं.

“सगळेच की.”

“आणि न्हाय कोण म्हणलं?”

“कुणीच न्हाय.”

“मग त्यात कोठीवाला एकबी न्हाय. वाढपी व्हय म्हणतो. कोठीवाला आधी न्हाय म्हणतो. चल, जीप काढ.”

बाईंचा अंदाज होता की किल्ली हिशेब खात्याच्या मोठ्या साहेबांकडं असणार. आम्ही पेढे घेऊन थेट त्यांच्यापुढं. साहेब बिचारे सज्जन. म्हणाले, “अहो, मी बिलं काढतो. खवा कुणाचा घ्यायचा, ते माझ्याकडं नाही. आलाच आहात तर जेवून जा.”

माझं तोंड उतरलं. बाई मात्र खुशीत. “चुकले की रे! एक दार कमी झालं!” असं म्हणत त्यांनी पेढ्यांतला एक स्वतःच तोंडात टाकला. कॅन्टीनच्या वाटेवर भिंतीवर कंपनीचा भलामोठा तक्ता होता. वर मालकांचा चौकोन, खाली साहेबांचे, त्याखाली आणखी चौकोन. मी वाचायला थांबलो तर बाईंनी माझी बाही ओढली. “ती लग्नपत्रिका हाय. पत्रिकेत नाव छापलेला माणूस कधी वाढायला आलेला बघितलास का? जेवणावळीत बघ. तिथं खरं दिसतं.”

आणि दिसलं. ताटं घेतलेल्या साहेबांची रांग लागली होती. जाळीवाल्या मॅडम आल्या आणि कुणी काही न बोलता रांगेत जागा झाली. आमच्याकडून फेटा बांधून गेलेले एक साहेब त्यांच्यापुढं झुकून म्हणाले, “मॅडम, उद्या बर्फी लावायची का?” मॅडमनी नुसती मान हलवली. नाही. साहेब गप पापड घेऊन पुढं सरकले. त्याच क्षणी बाईंनी ती आरोळी ठोकली.

ताटं घेऊन आम्ही त्यांच्याच टेबलाशी बसलो, तेव्हा उलगडा झाला. कारखान्यात रोज काय बनणार, कशापासून बनणार, हे त्या मॅडम ठरवत. आमच्या खव्याला त्यांनीच थांबवलं होतं, आणि ते आम्हाला सांगायचा धीर एकाही साहेबाला झाला नव्हता.

“तुमचा खवा चांगला आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण डब्याडब्याला वेगळा चांगला आहे. एक डबा पांढरा, दुसरा तांबूस, तिसरा खाली लागलेला. माझी बर्फी रोज वेगळी झाली तर चालेल का? तुमच्यात डबा परत करणारं कोण आहे?”

मी म्हणालो, “आमच्यात सगळे एकमेकांचे सोयरे हायेत, मॅडम. परत कसा करायचा?”

बाई माझ्याकडं वळल्या. “अध्यक्ष, तू आजवर कुणाचा डबा परत केलास?”

“एकाचाबी न्हाय.”

“मग तूबी लग्नपत्रिकाच हायस.”

मॅडम हसल्या. एक महिना आजमावून बघू म्हणाल्या. पण रोज एकसारखा खवा पाहिजे.

कंपनी मोडायच्या सभेला बाई स्वतः आल्या. डबे तपासायला कोण बसणार, म्हणून त्यांनी विचारलं. सगळा गाव जमिनीकडं बघायला लागला. “बरं, ह्या गावात तोंडावर न्हाय म्हणणारं माणूस कोण?” तसा सगळा गाव माझ्या घराकडं बघायला लागला. माझी बायको सुनंदा. सख्ख्या भावाच्या लग्नात, भर मांडवात, वरण अळणी झालंय असं व्याह्यांना सांगून आलेली बाई ती. डोंगरे बाईंनी तिला पाराजवळच्या, डबे जमा करायच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून दिली आणि बजावलं, “हसायचं न्हाय.”

पहिल्या दिवशी गाडी आली. सुनंदानं चुलत्यांचा डबा घेतला, सरपंचांचा घेतला, शेजारच्यांचा घेतला. माझा उघडला, वास घेतला आणि झाकण लावलं.

“अगं, आपल्या घरचा हाय तो!”

“कळालं. लागलाय. घरी न्या.”

गाव बघत होतं. गाडी भरली, आणि अध्यक्षांचा डबा पारावर ठेवून पुण्याकडं निघून गेली. मी तावातावानं बाईंना फोन लावला. माझा आवाज त्या दिवशी फोनविनाही कळंबला गेला असता.

“बाई! माझ्याच कंपनीत, माझ्याच बायकोनं, सगळ्या गावादेखत माझाच डबा परत केला!”

पलीकडं बाई भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज काही थांबला नाही.

“मग आता झाली कंपनी,” त्या म्हणाल्या.