आप्पांची चालण्याची चेकशीट

"दिवसाला पंधरा ते वीस किलोमीटर," आप्पा म्हणाले. "पायी, काट्याकुट्यातनं, आन् असे दहा दिवस. चार महिन्यांत मला तयार करा."

मी तेव्हा फर्स्ट एड रूममध्ये त्यांच्याच एका ऑपरेटरची कंबर तपासत होते. तो पालथा पडला होता. मालकाचा आवाज ऐकून तो उठायला लागला, तर मी त्याला पुन्हा झोपवलं आणि आप्पांना बाहेर थांबायला सांगितलं. ते थांबले. एरवी ते कुणासाठी थांबत नाहीत, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे मला कळायला हवं होतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आकुर्डीत माझं क्लिनिक आहे, आणि मंगळवारी-शुक्रवारी सकाळी मी कुरुळीजवळच्या एका प्रेस शॉपमध्ये जाते. प्रेस शॉपमध्ये मोठ्या मशीनखाली पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनवतात. वाकून आणि उचलून माणसांच्या कमरा धरतात, खांदे आखडतात. ते मोकळे करणं हे माझं काम. आप्पा, म्हणजे बबनराव गवारे, या शॉपचे मालक. वय एकोणसाठ, पोट सुटलेलं, गुडघे किंचित बाहेर वळलेले. केबिनपासून डिस्पॅचच्या गेटपर्यंत तीनशे पावलं असतील, तीही ते मोटारसायकलवरून जायचे.

आणि या माणसाला झिम्बाब्वेत जाऊन रानरेड्याची शिकार करायची होती. तिकडे परवाना काढून ती करता येते. आपल्याकडे शिकार केव्हाच बंद झाली. रायफल तिथेच भाड्याने मिळते. सोबत एक व्यावसायिक शिकारी असतो आणि माग काढणारे दोघं असतात. ते पहाटे पाणवठ्यावर ताजे खूर शोधतात आणि मग त्या खुरांमागे चालायचं. रेडा थांबेल तेव्हाच आपण थांबायचं.

"मला शिकार आवडत नाही," मी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

"तुमी रेड्याचं नका बघू मॅडम. माझ्या गुडघ्याचं बघा."

"गाडीतून फिरून करतात ना लोक? मी ऐकलंय तसं."

आप्पांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "माझा बाप हाकारे घालायचा. भामचंद्राच्या रानात साहेब लोक डुकरं मारायला यायचे तवा. साहेब झाडाखाली खुर्ची टाकून बसायचा, आन् बाप काट्यातनं वरडत जनावर हाकलत आणायचा. तंगड्या बापाच्या, बंदूक साहेबाची. मला खुर्ची नको. जायचं तर मी माझ्या पायानं जाणार. न्हाईतर जातच न्हाई."

हे ऐकून मी हो म्हणाले. शिकारीला नाही, त्या पायांना.

आधी त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून तपासणी झाली, हृदय ठणठणीत निघालं. मग मी आराखडा केला. पहिला महिना सपाटीवर चालणं. दुसऱ्या महिन्यात पाठीवर वजन. तिसऱ्यापासून डोंगर. ते म्हणाले, बूट आहेतच, सेफ्टी शूज. पुढे लोखंडाची वाटी असलेले ते बूट घालून वीस किलोमीटर चाललात तर नखं हातात येतील, असं सांगून मी त्यांना चांगले बूट घ्यायला लावले. बॅगेत वजन म्हणून त्यांनी पंचिंगमधून पडणारे पत्र्याचे गोल तुकडे भरले. रायफलच्या वजनाचा अंदाज यावा म्हणून साचे बनवणाऱ्या टूलरूमने काट्यावर तोलून पाच किलोचा पाइप कापून दिला. नेम धरताना रायफल टेकवायला तिकडे तीन पायांची काठी वापरतात. तीही टूलरूमने बनवली, वर पावडर कोटिंगसुद्धा केलं. कारखाना आठवडाभर खूश होता.

मी त्यांना एकच आकडा सांभाळायला सांगितला होता, रिकव्हरी. चढ चढून थांबल्यावर एका मिनिटात नाडीचे ठोके किती उतरतात, तो आकडा. शरीर तयार असेल तर ठोके भराभर खाली येतात. नसेल तर छाती धडधडतच राहते, हात थरथरतो, आणि थरथरत्या हाताने झाडलेली गोळी नको तिथे लागते. "निदान पंचवीस उतरले पाहिजेत," मी म्हणाले. "त्याच्या खाली असेल तर बंदुकीला हात लावायचा नाही."

क्वालिटीच्या जाधवांनी याची चेकशीट केली. जाधव लातूरकडचे, शांत माणूस, कारखान्यातला प्रत्येक कागद त्यांच्या हातून जातो. चेकशीट म्हणजे दर तासाला माप घेऊन भरायचा तक्ता. आप्पांच्या तक्त्याला फॉरमॅट नंबर होता, रिव्हिजन नंबर होता, खाली 'तयार केले' आणि 'तपासले' अशा सह्यांच्या जागाही होत्या. तो फर्स्ट एड रूमच्या बाहेर बोर्डावर लागला. तारीख, किलोमीटर, वजन, रिकव्हरी. मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. माझ्या पेशंटपैकी निम्म्यांना सांगितलेला व्यायाम घरी पोचेपर्यंत आठवत नाही.

दर मंगळवारी मी बोर्ड वाचायची. किलोमीटर वाढत होते, वजन वाढत होतं. रिकव्हरी सव्वीस, सत्तावीस, सव्वीस, सव्वीस, सत्तावीस. आत गेले की आप्पांचे गुडघे बघायचे, मांडीची ताकद बघायची. ती ठीक होती. बाहेर ऑपरेटरांची रांग लागलेली असायची. आप्पांबरोबर एकदा चालून यावं असं दोन-तीनदा मनात आलं, पण गेले नाही. तक्ता होता ना.

चौथ्या महिन्यात झिम्बाब्वेच्या शिकाऱ्याने फॉर्म पाठवला. पाहुणा किती चालू शकतो, हे तयारी करून घेणाऱ्याने लिहून द्यायचं होतं. मी बोर्डावरचे आकडे उतरवून घेतले. वजनासह अठरा किलोमीटर, डोंगरात, रिकव्हरी उत्तम. खाली सही केली, शिक्का मारला आणि ते पत्र पाठवून दिलं.

निघायच्या आधीच्या रविवारी सकाळी मी म्हटलं, चला, भामचंद्राचा डोंगर चढून येऊ. मला नुसतं कौतुकाने बघायचं होतं. आप्पा टाळत होते. पाव्हणे यायचेत, बॅगा भरायच्यात. शेवटी आले. जाधव पाण्याच्या बाटल्या घेऊन सोबत होते.

एक तृतीयांश चढही झाला नसेल. आप्पा थांबले, मग खाली बसले. तोंड राखेसारखं झालं होतं. मी नाडी धरली आणि घड्याळ बघितलं. एका मिनिटात ठोके नऊने उतरले. दोन मिनिटांनीसुद्धा छाती भात्यासारखी हलत होती.

"आप्पा, हे काय आहे?"

उत्तर जाधवांनी दिलं. "मॅडम, ते मी लिहायलो होतो."

"काय लिहीत होता?"

"तक्ता. पयले तीन आठवडे आप्पा खरंच चालले. मग कस्टमरचं ऑडिट आलं, नवीन लाइन आली. आप्पांना येळच नव्हता. बोर्डावर रिकामा तक्ता बरा दिसंना. तुमी म्हणला होता पंचवीसच्या वर पाहिजे. मग मी तसं भरत गेलो."

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी माझीच लाज वाटली. कारण दहा वर्षं मी त्या शॉपमध्ये जातेय, आणि शिफ्ट संपताना ऑपरेटर आठ तासांची मापं एका दमात, एकाच पेनने भरतात हे मी शेकडो वेळा पाहिलंय. सगळी मापं मर्यादेच्या जरा आत. कधी चहा पिताना त्यावरून त्यांची थट्टाही केली आहे. खऱ्या माणसाची नाडी रोज सव्वीस-सत्तावीस उतरत नसते. झोप झाली नसेल तर अठरा येते, एखाद्या दिवशी तेहतीस. हे मला कळायला हवं होतं. हा माझाच धंदा आहे.

जाधवांनी कुणाला फसवायचं म्हणून ते केलं नव्हतं. आप्पांनाही मी वाचून खरं मानतेय हे कळत होतं, पण रोज उद्यापासून चालू या, असं म्हणत तीन महिने गेले होते. बोर्डावर चालणं होतच होतं.

"तुम्ही जायचं नाही," मी म्हणाले. "मी पत्र मागे घेते. आजच मेल करते."

"मॅडम, नका करू." त्यांचा आवाज लहान झाला होता. "सगळ्या गावाला सांगून बसलोय. तिथं गेल्यावर मी सवता सांगतो त्याला. पाच किलोमीटरच्या वर जमणार न्हाई म्हणून. जवळपास फिरू, न्हाई मिळालं तर न्हाई मिळालं. शब्द देतो."

जाधव बाटलीचं झाकण उघडत होते आणि लावत होते. खाली कारखान्यांचे पत्रे उन्हात चमकत होते. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदा बघितलं, आणि मी पाघळले. घरी जाऊन मेल लिहिला होता. तो पाठवला नाही. तो अजून माझ्या ड्राफ्टमध्ये आहे.

आप्पा परत आले ते मंगळवारी. सकाळीच फर्स्ट एड रूममध्ये येऊन माझ्यासमोर स्टुलावर बसले. केबिनपासून चालत आले होते.

"त्याला सांगितलंत?" मी विचारलं.

"न्हाई." त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "पयल्याच संध्याकाळी त्यानं तुमचं पत्र काढलं. सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. म्हणला, असा तयारीचा पाव्हणा लई दिवसांनी आला. मंग काय सांगू?"

तीन दिवस खूर मिळाले नाहीत, फारसं चालावं लागलं नाही. चौथ्या दिवशी ताजा माग मिळाला. ते किती चालले हे त्यांना सांगता येईना. ऊन, काटे, आणि पुढे माग काढणारा टेंडाई मागे वळून वळून बघत होता, पाव्हणा येतोय ना. दुपारी रेडा दिसला. काठी रोवली. शिकारी कानात म्हणाला, श्वास खाली येऊ दे, मग मार. श्वास खाली आला नाही. रेडा हलायला लागला आणि आप्पांनी गोळी झाडली. ती पोटात लागली.

जखमी रेडा तसाच सोडायचा नसतो. त्याच्या मागे जावंच लागतं, आणि शिकारीतलं सगळ्यात धोक्याचं काम ते. जखमी रेडा वळून आपल्याच मागावर दबा धरून बसतो. आप्पा उठायला गेले तर दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. उभंच राहता येईना. शिकाऱ्याने मागून गाडी बोलावली, ड्रायव्हरला त्यांच्यापाशी थांबवलं, आणि तो दोघा मागकाढ्यांना घेऊन झाडीत गेला.

"ड्रायव्हरनं गाडीतनं घडीची खुर्ची काढली," आप्पा म्हणाले. "झाडाखाली टाकली. मी बसलो, मॅडम. दुसरं काही करताच येईना. तासभर बसलो. मंग लांबून कुणीतरी वरडलं, आन् दोन गोळ्या ऐकू आल्या."

रेडा मेला. त्याआधी त्याने टेंडाईला उचलून आपटलं होतं. मांडीचं हाड आणि खुब्याची वाटी, दोन्ही मोडली. चाळीशीचा माणूस, तीन मुलं. पायाने माग काढणं एवढंच त्याचं काम.

आप्पांनी रेड्याचं डोकं मागितलं नाही. मोबाइलवर एक्स-रेचे फोटो तेवढे आणले होते. "तो परत चालंल का?" त्यांनी मला विचारलं. मी फोटो मोठे करून बघितले. ऑपरेशन झालं होतं, पण वाटीचा चुरा झालेला दिसत होता. काठी घेऊन घरात, अंगणात चालेल, असं मी म्हणाले. माग काढायला नाही.

ते उठले नाहीत. बाहेर रांग वाढत होती.

त्या आठवड्यात मी टेंडाईसाठी व्यायाम लिहून पाठवले. शिकाऱ्याने ते त्याला त्याच्या भाषेत समजावून दिले. तिथल्या नर्सला नोंदी ठेवायला सोपं जावं म्हणून जाधवांनी तक्ता करून दिला. या वेळी सह्यांच्या जागा ठेवल्या नाहीत. महिन्याने भरलेल्या तक्त्याचा फोटो आला. पहिले नऊ दिवस काहीच नाही. मग काठीने दोन पावलं. मग शून्य. मग चार. मग तीन रकाने रिकामे, आणि पुढे नर्सने लिहिलं होतं: दुखतं, नको म्हणतो.

आप्पांनी त्याची प्रिंट काढून बोर्डावर लावली, जिथे त्यांचा तक्ता होता तिथेच. कुणी काढायला सांगत नाही.

आता मी कुणालाही पत्र देण्याआधी त्याच्या मागोमाग चालून येते. पेशंट कुरकुरतात, एवढं कशाला म्हणतात. मी कारण सांगत नाही. तो मेल पाठवला असता तर टेंडाई आज माग काढत असता.

दर मंगळवारी आप्पा केबिनपासून बोर्डापर्यंत चालत येतात. नवीन फोटो आलेला असतो. ते आकडे वाचतात आणि मला विचारतात, "वाढंल का, मॅडम?"

पाच, शून्य, चार, रिकामं, पाच. आकडे खरे आहेत, म्हणून मला ते वाचता येतात. "नाही आप्पा," मी सांगते, "फारसं नाही वाढणार."