मागच्याने खोटं बोलायचं नाही

वहिनींचा फोन आला तेव्हा मी लंडनजवळ पिनरमध्ये मोटारीच्या सामानाच्या दुकानात रांगेत उभी होते. हातात वायरी जोडायच्या कनेक्टरचं पाकीट. "शकू, गेले गं हे," एवढंच त्या म्हणाल्या. काउंटरवरच्या बाईने "एनिथिंग एल्स, लव्ह?" म्हटलं. मी "नो, थँक्यू" म्हणाले, पाकीट घेतलं आणि बाहेर आले. सख्खा भाऊ गेल्याचं कळल्यावर माणूस कनेक्टर विकत घेतो, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आज या गोष्टीला सात आठवडे झाले. गेल्या रविवारपर्यंत ते पाकीट माझ्या पर्समध्येच होतं.

माझा दादा, माधव, ब्रॅकनेलला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत होता. मी त्याच्यानंतर पाच वर्षांनी या देशात आले, फार्मसीत लागले, आणि पहिली जुनीपुराणी गाडी घेतल्यापासून दरवर्षी एमओटीच्या, म्हणजे गाडीच्या सरकारी तपासणीच्या, आधी ती त्याच्या दारात नेऊन उभी करायचा नेम पडला. तो आत बसून ब्रेक दाबायचा, इंडिकेटर लावायचा, आणि मी मागे उभी राहून कोणता दिवा लागला ते ओरडून सांगायचं. तेही मराठीत. मागच्या वळणावर राहणाऱ्या मार्गारेटबाईंना आमच्यामुळे 'डावा' आणि 'उजवा' हे दोन शब्द पाठ झाले होते. पहिल्याच वर्षी, थंडीने माझे दात वाजत होते म्हणून, मी न बघताच "लागला, लागला" म्हणून टाकलं. दादा उतरला, सरळ उजव्या दिव्यापाशी आला आणि त्यावर नखाने टकटक केली. दिवा गेलेला होता. म्हणाला, "शकू, पुढच्याला काही दिसत नसतं. तो मागच्याच्या भरवशावर असतो. मागच्याने खोटं बोलायचं नाही." मी तापट, लगेच फुगले. पण त्यानंतर कधी खोटं बोलले नाही. म्हणजे परवा-परवापर्यंत.

रिटायर झाल्यावर त्याने एक जुनं मोटरहोम घेतलं. वहिनी त्याला 'धूड' म्हणायच्या. अनघाने, त्याच्या मुलीने, एडिनबराला स्वतःचं घर घेतलं तेव्हा हा फोनवर म्हणाला, "मी माझं घर घेऊनच तुझ्या घरी येतो. किचनमधले दिवे मी लावणार, इलेक्ट्रिशियनला हात लावू देऊ नकोस." आता, धूड एकदा कॅम्पसाइटवर लावलं की दूध आणायलासुद्धा सगळा संसार आवरून निघावं लागतं. म्हणून वहिनींची छोटी गाडी मागे जोडून न्यायची, असं ठरलं. पण ओढून नेलेल्या गाडीचे दिवे पुढच्या मोटरहोमच्या हुकमाने लागले पाहिजेत. तिथे ब्रेक दाबला की इथे लाल. त्यासाठी गाडीच्या नाकापासून शेपटीपर्यंत वायरी न्यायच्या. हे काम वर्कशॉपमध्ये होतं, पण दसऱ्याला पक्कड आणि मल्टिमीटरला हळदकुंकू वाहणारा माणूस ते दुसऱ्याला कसं करू देईल?

आणि मग आजार आला. केमोने त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली. कपाचा गरमपणा कळेना, शर्टाचं बटण लागेना. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, इथे सोनाराचीच बोटं गेली. ज्याला सगळं येत होतं त्याचे हात चालेनात, आणि जिचे हात चालत होते तिला ढिम्म काही येत नव्हतं... ऑक्टोबरभर मी दर शनिवारी ब्रॅकनेलला जात होते. तो ब्लँकेट गुंडाळून खुर्चीत बसायचा, मी डिकीत डोकं खुपसून.

"पिवळी डावा इंडिकेटर. हिरवी उजवा. लाल ब्रेक. पांढरी?"

"अर्थिंग. पाचव्यांदा विचारतोयस!"

"पाचव्यांदा चुकलीस म्हणून विचारतोय."

मी चिडायचे. तो हात पुढे करायचा, वायर चिमटीत धरायचा, ती निसटायची. मग तो हात ब्लँकेटखाली घ्यायचा. ते मला बघवत नसे. मी उगाच टेपचं टोक शोधत बसायचे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की प्रवास आता होणार नाही. दादाने आम्हाला काही विचारलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "टेस्ट कधी करायची?" जावई शनिवारी धूड चालवायला येणार होता. त्याला नको येऊस म्हणून कळवायचं आमच्यापैकी कोणाच्याच्याने होईना.

मंगळवारी, दुपारी चारच्या सुमाराला, अंधारून आलं होतं. वहिनींची गाडी मागे जोडून आम्ही दोघींनी त्याला धरून धुडाच्या चालकाच्या सीटवर बसवलं. मी मागे गेले. दोन्ही इंडिकेटर लागले. मग त्याचा आवाज आला, आता अगदी बारीक झालेला, "ब्रेक. लागला का गं?"

उजवा लागला होता. डावा नव्हता. माझाच कुठला तरी जोड कच्चा राहिला होता. तो सोडून पुन्हा करायचा म्हणजे त्याला आणखी तासभर थंडीत बसवायचं. वहिनींनी माझ्याकडे बघून 'नको' अशी मान हलवली. मी ओरडले, "दोन्ही लागले, दादा!"

तो थोडा वेळ आरशात बघत राहिला. मला वाटलं, माझ्याकडे बघतोय. मग म्हणाला, "शाब्बास, शकू. मग निघू शनिवारी." गुरुवारी तो गेला. जायचं नव्हतंच कुठे, तरी शुक्रवारी येऊन तो जोड गुपचूप नीट करायचा, म्हणून मी त्या दुकानात उभी होते.

गेल्या रविवारी वहिनींना त्यांची गाडी मोकळी करून हवी होती. धुडातून दादाचा चष्मा आणायला मी चढले आणि त्याच्या सीटवर बसले. किल्ली फिरवली, पाय आपोआप ब्रेकवर गेला. आरशात मार्गारेटबाईंची ती तिरकी मोठी खिडकी दिसत होती, आणि काचेत आमच्या गाडीची सबंध पाठ. एक दिवा लाल. दुसरा काळा.

म्हणजे त्याला दिसत होतं. त्या मंगळवारी दिसलं होतं, आणि पहिल्या वर्षीही. इतकी वर्षं बहिणीला थंडीत उभं करून ओरडायला लावण्यात या थापाड्याला काय सुख होतं कोण जाणे... आणि मला शाब्बास म्हणाला! मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले.

वहिनी शोधत आल्या. मी त्यांना त्या सीटवर बसवलं, ब्रेक दाबायला सांगितलं, आणि पर्समधलं पाकीट घेऊन मागे गेले.

"लागला का गं?" वहिनींनी विचारलं.

"नाही!" मी ओरडले. "डावा नाही लागला!" इतक्या मोठ्याने, की मार्गारेटबाई खिडकीत आल्या.